शेजारच्या बिल्डिंगची सेप्टिक टँक आणि आमची बोअर – निर्णय नक्की घेतो कोण?

ओढ्याकाठचा

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे पण पूर्ण वाचा प्लीज, अर्धवट सांगितलं की लोक लगेच "गाडी बोलवून उपसून घ्या" एवढंच सांगून मोकळे होतात.

आम्ही सिंहगड रोडच्या पुढं, २०२१ ला पुणे शहराच्या हद्दीत आलेल्या २३ गावांपैकी एकात राहतो. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, शेजारी पण इथं वाचत असतील. आमची आठ रो-हाऊसेसची सोसायटी उताराच्या खालच्या अंगाला, आणि वरच्या अंगाला पाच मजली बिल्डिंग, २४ फ्लॅट. ड्रेनेजची मेन लाईन आमच्या गल्लीत अजून आलेली नाही त्यामुळं इथं सगळ्यांच्याच सेप्टिक टँक. प्यायला टँकर आणि दिवसाआड येईल तेवढं नळाचं, वापरायला बोअर. ही बोअर कंपाउंडच्या भिंतीपासून मोजून आठ पावलांवर आणि भिंतीला चिकटून पलीकडं त्यांची टाकी. आमची बोअर आधीची, त्यांची बिल्डिंग नंतरची, एवढं नोंदवून ठेवतो कारण पहिला प्रश्न तोच येणार.

जूनपासून रात्री अकरानंतर भिंतीच्या बुडातून पाणी झिरपायला लागलंय. आधी पावसाचं वाटलं, पण पाऊस उघडला तरी चालूच, आणि वास असा की वेगळं सांगायला नको. एका ठिकाणी भिंत पोट काढल्यासारखी फुगलीय. गेल्या आठवड्यात बायकोनं तुळशीला घालायला बोअरची बादली भरली तर वर बारीक फेस, साबणाचा असतो तसा. त्या दिवसापासून बोअरच्या पाण्यानं भांडी घासणं बंद केलंय, आंघोळ मात्र त्यानंच चाललीय कारण तेवढे टँकर परवडत नाहीत.

दुसरी गोष्ट याहून भीतीची. त्यांच्या टाकीचं झाकण पार्किंगमध्येच आहे, सिमेंटच्या दोन फरशा, त्यातली एक तुटलीय. त्यावर प्लायवूडचा तुकडा टाकलाय आणि प्लायवूड हलू नये म्हणून वर शेवंतीची कुंडी ठेवलीय. संध्याकाळी पोरं तिथंच क्रिकेट खेळतात, दोन्ही सोसायट्यांची, कुंडी म्हणजे स्टंप. आमची धाकटी पण जाते.

तक्रार केली. एक साहेब येऊन गेले, माणूस सभ्य होता, नाकाला रुमाल लावून फोटो काढले आणि त्यांच्या चेअरमनना तोंडी सांगितलं की टँक उपसून घ्या. त्यांनी गाडी बोलावली, आठ-दहा दिवस बरं गेलं, परत तेच. परत गेलो तर म्हणे हे ड्रेनेजवाल्यांचं काम, ड्रेनेजवाले म्हणतात जिथं आमची लाईनच नाही तिथं आम्ही काय करणार, बांधकामवाले म्हणतात प्लॅन गाव बाहेर असताना पास झालाय, ते कागद दुसऱ्या ऑफिसात. तीन जिने चढून उतरून परत पहिल्याच खिडकीवर.

तर प्रश्न असे की ही टाकी इथं ठेवायची की नाही हे ठरवायचा अधिकार नक्की कुणाचा? आमचं पाणी खराब झालंय हे सिद्ध कसं करायचं? आणि भिंत पडली किंवा कुणी आत पडलं तर जबाबदार कोण? घरात आईवडील सत्तरीच्या पुढचे आहेत, जीबीएसच्या (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) साथीच्या वेळी आम्ही सगळे इथंच होतो, त्यामुळं डोकं शांत राहत नाहीये.


पेठेतला परदेशी

निर्णय घेतो कोण? कुंडी. सध्या तरी तुमच्याकडं सर्वोच्च अधिकार त्या शेवंतीच्या कुंडीकडं दिसतोय.

गमतीचा भाग सोडा, पण आजच्या आज ते प्लायवूड काढायला लावा आणि तिथं चार बाजूंनी बॅरिकेड, निदान दोन ड्रम आणि दोरी तरी. बाकीचं भांडण वर्षभर चाललं तरी चालेल, हे एक नाही.


एजंट नाही सल्लागार

प्रॅक्टिकल सांगतो, राग नका मानू. लेखी तक्रारी वाढवाल तर रेकॉर्ड तयार होतं आणि उद्या घर विकायला काढलं की गिऱ्हाईक तेच काढून दाखवतं, रेट पडतो. शांतपणे भिंत प्लास्टर करून घ्या, बोअर बंद ठेवा, दोन वर्षांत लाईन येईल तेव्हा बघू. हद्दीत आलेल्या गावांमध्ये भाव वाढतायत, घाई कशाला.


मुरूम आणि कातळ

वरच्या सल्ल्यावर काही बोलत नाही, बोललो तर माझं बीपी वाढेल.

मी ३१ वर्षं सिव्हिलमध्ये काढलीत, त्यातली बरीचशी असल्याच टाक्या बांधण्यात आणि नंतर इतरांनी बांधलेल्या निस्तरण्यात. धागाकर्ते, आधी एक गैरसमज काढा. सेप्टिक टँक म्हणजे पाणी शुद्ध करायचं यंत्र नव्हे. त्यात जड मैला खाली बसतो, तेलकट साय वर येते, मधलं पाणी पुढं जातं, एवढंच. ते पुढं गेलेलं पाणी दिसायला जरा निवळ असलं तरी जंतूंनी भरलेलंच असतं, म्हणून त्याला शोषखड्डा लागतो, तिथं मातीत जिरता जिरता ते गाळलं जातं. आता आपल्याकडं माती आहे कुठं? वरती चार-सहा फूट मुरूम, खाली काळा कातळ. उन्हाळ्यात खड्डा कसाबसा पाणी घेतो, पावसाळ्यात मुरूमच पाण्यानं तुडुंब, मग ते पाणी कातळावरून उताराला घसरतं आणि पहिली भेग सापडली की खाली. बेसॉल्टच्या भेगांमध्ये गाळणी वगैरे काही नसते, एकदा भेगेत शिरलं की ते सरळ तुमच्या बोअरला. तुम्ही उताराला खाली आहात म्हणालात तिथंच मला अर्धं उत्तर मिळालं.

आता टाकी केवढी आहे ते विचारा. नाही सांगितलं तर उपसताना जाऊन उभे राहा आणि टेप लावा, आतली लांबी रुंदी आणि पाण्याची खोली. मग हिशोब सोपा आहे, माणशी १३५ लिटर पाणी धरायचं, त्यातलं साधारण ८० टक्के परत सांडपाणी म्हणून येतं. टाकीत पाणी किमान २४ तास तरी थांबलं पाहिजे, नाहीतर मैला बसायच्या आतच पुढं ढकलला जातो. बहुतेक ठिकाणी टाकी कागदावर बरोबर असते आणि वरचे दोन मजले नंतर चढलेले असतात.

नियमाचं म्हणाल तर शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून लांब हवा, कुठं १२ मीटर लिहिलंय कुठं १८, पण तुमची आठ पावलं म्हणजे सहा मीटरच्या पुढं जात नाहीत, त्यामुळं कुठलाही आकडा घ्या, नापासच. इमारतीपासून पण अंतर ठेवायचं असतं कारण पाया सतत ओला राहिला की काय होतं ते तुमची भिंत दाखवतेच आहे. ती फुगलेली भिंत म्हणजे मागून दाब आहे, पावसाळ्यात तिच्या खाली गाडी लावू नका आणि पोरांना बसू देऊ नका. आणि व्हेंट पाईप बघा आहे का, असला तर वर जाळी आहे का. टाकी इमारतीच्या जवळ असेल तर पाईप गच्चीच्या वर दोन मीटर न्यायचा असतो, लोक खिडकीच्या उंचीवर कापून मोकळे होतात आणि मग वासाला शेजाऱ्याचं नशीब म्हणतात.

अजून एक, तुमच्या बोअरचं केसिंग (आत बसवलेला पाईप) किती खोल आहे आणि वर तोंडाभोवती सिमेंटचा कट्टा आहे का तेही बघा. बरेचदा केसिंग मुरूमापुरतंच असतं आणि बाजूनं फट राहते, मग वरचं सगळं तिथूनच आत. सगळा दोष पलीकडच्यांचाच असेल असं नाही.


ओढ्याकाठचा

काका खूप आभार. कट्टा नाहीये, पाईप नुसता जमिनीतून वर आलाय आणि पावसात त्याच्याभोवती डबकं होतं, हे लिहिताना मलाच लाज वाटतीय. उद्या गाडी येणार आहे त्यांच्याकडं, टेप घेऊन जातो.

एक सांगायचं राहिलं. मागच्या वेळी गाडीचा पाईप तळाशी पोचला नाही, खाली चिखल घट्ट बसलेला, तर गाडीबरोबरची दोन पोरं दोरी आणि बादली घेऊन आत उतरली. मी तिथंच होतो, त्यांना चहा दिला आणि "सांभाळून रे" म्हणालो.


सफाईवाल्याची मुलगी

तुमचा चहा चांगलाच असणार दादा, पण तुम्ही जे पाहिलं तो गुन्हा होता.

२०१३ च्या कायद्यानं सेप्टिक टँकमध्ये अशी माणसं उतरवायला बंदी आहे, आणि ती फक्त सरकारी लोकांना नाही, कुठल्याही व्यक्तीला आहे, म्हणजे सोसायटीच्या चेअरमनलासुद्धा. पहिल्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, परत केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं असल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. आणि लांब कशाला, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याच वाघोलीत एका सोसायटीची टाकी साफ करताना तीन जण गेले. दिवाळीच्या तोंडावर.

आत काय होतं ते सांगते कारण लोकांना वाटतं की वास येतो, वास सहन केला की झालं. हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येणं बंद. माणसाला वाटतं की गॅस गेला. मग दोन-तीन श्वासांत खाली. वरचा त्याला काढायला उतरतो आणि तोही राहतो, म्हणून बातम्यांमध्ये कधी एक नसतो, दोन किंवा तीन असतात. शिवाय मिथेन असतो, त्यामुळं काडी पेटवून "दिवा विझला का बघू" हा जुना प्रकार तर अजिबात करू नका. चिखल घट्ट झाला असेल तर पाण्याच्या प्रेशरनं सैल करायचा, जेटिंग करायचं आणि परत ओढायचं, दोन फेऱ्या जास्त लागतील, लागू देत.

माझे वडील याच कामात होते. ते घरी आले की आई आधी दाराबाहेर पाणी ठेवायची, मग त्यांच्याशी बोलायची. उद्या गाडी येईल तेव्हा टेप लावाच, पण कुणी शर्ट काढायला लागला तर तिथंच थांबवा.


ओढ्याकाठचा

ताई, वाचून बराच वेळ काही टाईप करता आलं नाही. थांबवणार.


बर्फात हरवलेली

मी मूळची कोथरूडची, सध्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या टाऊनमध्ये. तुमचा "निर्णय कोण घेतो" हा प्रश्न वाचून लिहावंसं वाटलं कारण आम्ही दोन वर्षांपूर्वी याच्यातून गेलोय, फक्त उलट बाजूनं, म्हणजे टाकीवाले आम्ही होतो.

इथं अमेरिकेतसुद्धा गटाराची लाईन सगळीकडं नाही, गावाबाहेर घराघराला सेप्टिकच. पण प्रत्येक टाऊनचं स्वतःचं बोर्ड ऑफ हेल्थ असतं आणि राज्याचे नियम आहेत, टायटल फाइव्ह म्हणतात, सध्याचे १९९५ पासूनचे. घर विकायचं तर आधीच्या दोन वर्षांत केलेलं टाकीचं इन्स्पेक्शन लागतं, नापास झालं तर साधारण दोन वर्षांत नवीन सिस्टीम. म्हणजे वर त्या सल्लागारांनी जे लपवायला सांगितलं ते इथं विक्रीच्या कागदातच येतं. जिथं पाणी जिरवतात ते फील्ड खाजगी विहिरीपासून १०० फूट लागतं, टाकी ५० फूट.

आमचं फील्ड शेजारच्या आजींच्या विहिरीपासून ८० फुटांवर निघालं, जागाच नव्हती दुसरी. मग सवलत मागायला बोर्डापुढं जावं लागलं आणि त्यासाठी आजूबाजूच्या सगळ्या मालकांना आपल्या खर्चानं रजिस्टर पत्रं पाठवून सुनावणीची तारीख कळवायची. टाऊन हॉलमध्ये संध्याकाळी सात वाजता तीन माणसं बसली होती, त्यातली एक रिटायर्ड नर्स. आजी आल्या, हातात त्यांच्या पाण्याचे जुने रिपोर्ट. इथं टाकीची साईज बेडरूम मोजून ठरते, एका बेडरूमला दिवसाला ११० गॅलन. बोर्डानं आम्हाला सवलत दिली पण अटी घातल्या की जास्त शुद्ध करणारी सिस्टीम बसवायची, आजींच्या विहिरीचं पाणी दरवर्षी आमच्या पैशानं तपासायचं, आणि तीनच्या वर बेडरूम कधीही करायच्या नाहीत, हे घराच्या डीडवर कायमचं नोंदवलं. नवरा वैतागला होता, त्याला बेसमेंटमध्ये चौथी काढायची होती.

इथं सगळं छान असतं असं नाही, लोक इथंही भांडतात, खर्च ऐकून रडतात. पण निर्णय एका टेबलावर होतो, शेजाऱ्यासमोर होतो आणि लिहून मिळतो. तुमच्याकडं बोर्ड नाही तर तुम्हीच दोन्ही सोसायट्यांची तशी एक मीटिंग घेऊन बघा ना, मिनिट्स लिहून आणि सह्या घेऊन.


पेठेतला परदेशी

आमच्याकडं बेडरूम मोजल्या तर चेअरमन म्हणेल हॉल आहे तो, रात्री फक्त दहा जण झोपतात.


काळा कोट

कायद्याचं थोडक्यात. तोंडी सांगितलेला आदेश म्हणजे आदेश नव्हे, म्हणून तुम्ही तीन जिने चढताय. लेखी तक्रार करा, आवक क्रमांक घ्या, आणि तक्रारीत वासाबद्दल कमी आणि "पिण्याच्या/वापराच्या पाण्यात मैलापाणी मिसळतंय, भिंत धोकादायक झालीय, टाकीचं झाकण तुटलंय" या तीन गोष्टींबद्दल जास्त लिहा. फोटोवर तारीख. महिन्याभरानं माहिती अधिकारात विचारा की माझ्या अमुक तक्रारीवर पाहणीचा अहवाल काय आणि नोटीस कुणी कधी काढली, दहा रुपयांचा अर्ज आहे, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बऱ्याचदा हा अर्ज गेल्यावरच फाईल हलते. बिल्डिंगचा मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र पण त्यातच मागा, काकांनी म्हटलेले वरचे मजले कागदावर आहेत का ते कळेल.

यानंही नाही झालं तर सार्वजनिक उपद्रव म्हणून कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं, पूर्वी सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १३३ होतं, आता त्याजागी आलेल्या नवीन संहितेत कलम १५२. याच कलमावर १९८० चा रतलामचा प्रसिद्ध निकाल आहे, उघड्या गटारांना कंटाळून रहिवासी गेले होते, नगरपालिका म्हणाली पैसे नाहीत, न्या. कृष्ण अय्यर यांनी पैसे नाहीत ही सबब धुडकावून लावली. "लाईनच नाही तर आम्ही काय करणार" हे ऐकलं की मला तो निकाल आठवतो.

आणि कुणी आत पडलं तर? टाकी ज्यांच्या ताब्यात, जबाबदारी त्यांची, आणि झाकण तुटलंय हे माहीत होतं हे सिद्ध झालं तर निष्काळजीपणा. तुमच्या लेखी पत्रानं ते "माहीत होतं" पक्कं होतं, म्हणून पत्र आजच द्या. भोळेपणानं व्हॉट्सॲप ग्रुपवर नको, पोच घेऊन.


टीसीएलवाली ताई

मी आरोग्य खात्यात होते, गावोगाव पाणी तपासत फिरण्यातच नोकरी गेली. सिद्ध कसं करायचं त्याचं सांगते, बाकीच्यांनी ते राहू दिलंय.

पहिलं म्हणजे साधी एचटूएस बाटली, पाणी तपासायची, मेडिकल सप्लायवाल्यांकडं मिळते. बोअर पाच मिनिटं सोडून द्या, नळाचं तोंड पुसून जाळ दाखवा, खुणेपर्यंत भरा, झाकण लावा आणि घरात उबेला ठेवा. २४ ते ४८ तासांत पाणी काळं झालं तर मैल्याचा संशय पक्का. पण हे तुमच्या समाधानाला, ऑफिसात चालत नाही. ऑफिसला प्रयोगशाळेचा रिपोर्ट लागतो, आपल्या पुण्यात राज्य आरोग्य प्रयोगशाळाच आहे. नमुन्याची बाटली निर्जंतुक केलेली तिथूनच घ्या, बिसलेरीची बाटली नेऊ नका, लोक नेतात. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. जंतूंसाठी सांगा आणि नायट्रेट, क्लोराइडसाठी पण सांगा. १०० मिलीमध्ये ई-कोलाय (मैल्यातला जंतू) एकही सापडता कामा नये असं मानक आहे, नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. दोन्ही चढे निघाले तर पाणी कुठून येतंय याला फार डोकं लागत नाही. अजून खात्री हवी तर त्यांच्या वरच्या मजल्याच्या संडासात फ्लोरेसिनचा रंग टाकून आपल्या भिंतीकडं लक्ष ठेवायचं, पण ते त्यांच्या संमतीनं. रंगपंचमीचा उरलेला रंग टाकू नका, तो मुरूमातच अडकतो आणि मग ते म्हणतात बघा काही आलं नाही.

जीबीएसचं तुम्ही म्हणालात. २०२५ च्या जानेवारीत रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले होते, दोन्ही दूषित पाण्याअन्नातून पोटात जाणारे. म्हणून घाबरा असं नाही म्हणत, प्रत्येक जुलाबाचा जीबीएस होत नाही, अगदी क्वचित होतो. पण प्यायचं पाणी उकळी फुटल्यावर एक मिनिट तरी उकळा, आणि बोअरच्या पाण्यानं दात घासू नका, चूळ भरू नका, हे सगळ्यांच्या लक्षातून जातं. आंघोळीला वापरायचंच असेल तर टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाका, निवळी करून, म्हणजे पाण्यात कालवून वरचं निवळ पाणी तेवढं, सरळ पावडर नाही. अर्ध्या तासानं ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन बघायची चाचणी) करा, पिवळसर रंग आला म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. पंचायतीच्या शिपायाला येतं ते तुम्हाला पण येईल.


ओढ्याकाठचा

अपडेट, बऱ्याच दिवसांनी.

टेप लावला. आतून आठ फूट लांब, चार फूट रुंद, पाणी पाच फूट. म्हणजे १६० घनफूट, साधारण साडेचार हजार लिटर. २४ फ्लॅट, घरटी चार धरली तर ९६ माणसं, काकांच्या हिशोबानं दिवसाला दहा हजार लिटरच्या वर सांडपाणी, आणि बाथरूम-किचनचं पण त्यातच सोडलंय. म्हणजे टाकी साडेदहा तासांत एकदा पूर्ण बदलते, मैल्यानं अडवलेली जागा सोडूनच. रात्री अकराला का झिरपतं ते पण कळलं, संध्याकाळची भांडी, आंघोळी, वॉशिंग मशीन सगळं एकदम येतं. आणि शोषखड्डा? विचारलं तर चेअरमननी वॉचमनकडं बघितलं, वॉचमननी माझ्याकडं. टाकीतून एक सहा इंची पाईप भिंतीच्या दिशेनं निघतो आणि मुरूमात उघडाच संपतो, दगडांची रास लावून. खड्डा कधी नव्हताच.

उपसायच्या दिवशी गाडीवाला परत पोरांना उतरवायला निघाला, मी नको म्हणालो तर म्हणे साहेब मग तुमचा चिखल तिथंच राहणार. चेअरमननाच ताईंनी लिहिलेलं वाचून दाखवलं, दंडाच्या आकड्यापाशी त्यांनी स्वतःच हात वर केला. जेटिंगची दुसरी गाडी आली, खर्च जवळपास दुप्पट, अर्धा आम्ही दिला. आमच्यातल्या दोघांना ते पटलेलं नाही, अजून बोलत नाहीत माझ्याशी.

एचटूएस बाटली मी फ्रिजच्या वर ठेवली होती, उबेला म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी वडिलांनी विचारलं ही शाईची बाटली कुणी ठेवली इथं. लॅबचा रिपोर्ट पण तसाच आला, ई-कोलाय आणि नायट्रेट दोन्ही चढे. तो जोडून लेखी अर्ज दिलाय, आवक क्रमांक मिळाला, आणि या वेळी आलेल्या साहेबांनी भिंतीपाशी उभं राहून कागदावर पंचनामा केला. पुढची नोटीस निघेल म्हणालेत, बघू.

कोथरूडच्या ताईंनी सुचवलं तशी गच्चीवर दोन्ही सोसायट्यांची मीटिंग घेतली, पहिला अर्धा तास तुमचीच बोअर खराब, तुमचीच टाकी खराब. मग त्यांच्यातल्या एक आजी म्हणाल्या की आमच्या नातवाला महिनाभर जुलाब होतायत आणि आम्हीपण तुमच्यासारखीच बोअर वापरतो, त्यांची बोअर टाकीच्या वरच्या बाजूला पण दहा फुटांवर. त्यानंतर आवाज खाली आले. सह्यांचा कागद झालाय, लाईन येईपर्यंत बाथरूम-किचनचं पाणी वेगळं काढायचं, टाकीला दुसरा कप्पा वाढवायचा, पुढं नीट शोषखड्डा. आमच्या बोअरला कट्टा घालून झाला, त्याचा खर्च आमचा.

झाकण नवीन बसलंय, फायबरचं, कुलपासकट. कुंडी आता गेटजवळ आहे, पोरांनी स्टंप म्हणून तिथं वीट लावलीय.

शोषखड्ड्याची जागा मात्र अडलीय, जिथं मुरूम खोल आहे ते नेमकं त्यांच्या सेक्रेटरींच्या गाडीचं पार्किंग. मुरूम आणि कातळ काका, पाणी जिरतंय का ते बघायला आधी चाचणीचा खड्डा घेतात म्हणे, तो किती खोल घ्यायचा आणि पावसाळ्यातच घ्यायचा का? आणि माणूस न उतरवता काम करणाऱ्या गाडीवाल्याचा कुणाकडं नंबर असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.


मुरूम आणि कातळ

पावसाळ्यातच घ्या, उन्हाळ्यातला खड्डा खोटं बोलतो. आधी शोषखड्ड्याच्या तळाएवढं खोल खणा, मग तिथं फूटभराचा छोटा खड्डा करा, आदल्या रात्री पाणी भरून मुरूम भिजवून ठेवा आणि सकाळी परत भरून घड्याळ लावा, एक इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते लिहा. सेक्रेटरींना पण बोलवा, घड्याळ त्यांच्याच हातात द्या. रविवारी मी येऊ शकतो, पत्ता व्यनि करा, चहा मात्र उकळलेल्या पाण्याचा.